भिंतीवरच्या मिश्या

गोकुळाच्या बाबाले गोकुळाच्या मायचा नमस्कार.

तुम्ही बल्लारपूरले गेल्यावर आपल्या मच्छी सोसायटीच्या भिंतीवर जुन्या मासेमारीचं चित्र काढाले वरोऱ्याचा पेंटर आला. त्या दिवशी सारे बाप्ये लग्नाले गेले होते. तलावावर मीच जाळ्याची कड दातात धरून जाळं फेकून राह्यली होती. त्यानं मलेच काढलं.

संध्याकाळी अध्यक्ष रामाजीभाऊ म्हणे, "भिंतीवर बाई जाळं फेकते, हे कसं दिसन? मिश्या लाव."

पेंटरनं मिश्या लावल्या, पण हातातल्या बांगड्या पुसाच्या विसरला. आता सारा गाव म्हणते, हे तुम्हीच. मी काई बोलली नाई. मागच्या साली जाळं फेकतानी जाळ्यासंगं तुम्ही बी तलावात पडलते, ते तरी मी कोणाले सांगतलं काय?

रविवारी मच्छी खात्याचे साहेब उद्घाटनाले येऊन राह्यले. चित्रातल्या माणसानं आपल्यापुढं एकदा जाळं फेकून दाखवावं, असा त्याइचा निरोप हाये. रामाजीभाऊ म्हणे, गोकुळाच्या बाबाले पत्र टाकून बलाव. म्हणून लिहिलं.

पण हे पत्र मी टाकत नाई. टाकलं तं तुम्ही खरंच यान. मिश्या मी माह्या तोंडावर कोळशानं काढून घेईन, बांगड्या तं हातात हायेच.

गोकुळाची माय