ताटातली शेवटची वडी

सोमवार, संध्याकाळ

प्रयोग बरोबर आहे, यावर मी ठाम आहे. दोन अनोळखी बायका, मध्ये सांबारवड्यांचं, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वड्यांचं, एक ताट. समोरासमोर बसवलं की दोघींचं "तुमी घ्या आधी" संपत नाही. मध्ये पडदा लावला की हात लगेच ताटात. बाकी काहीच बदललं नव्हतं, म्हणजे भीड नजरेचीच. लग्नाच्या पंगतीत बसून हे इतकं स्वच्छ दिसलं नसतं.

पण ती शेवटची वडी? पडदा असूनही कुणी उचलेना. मी लिहून टाकलं, भीड अंगात मुरलेली. मग फोन आला म्हणून बाहेर गेले. परतले तर ताट रिकामं.

दोघींपैकी राजापेठेतून आलेल्या शबानाबाजी तोंड पुसत म्हणाल्या, "तुमी पाहून राहिल्या होत्या ना, मॅडम."

खरंच की. मी तिसरी होते. उद्या पडदा माझ्यासमोरही.