पहिलं वळण

मंगळवार, संध्याकाळ

आईचा जुना व्हिडिओ गेम अडकत चालायचा, म्हणून मी हौसेनं नवा प्रोसेसर बसवून त्याचा वेग वाढवला. आता तिची गाडी सुसाट सुटते आणि पहिल्याच वळणावर आपटते. हेच वळण ती गप्पा मारत घ्यायची! आज म्हणाली, "हात चालंनात रे आता माझे."

हात नाही गं, गाडी! पण सांगू कसं? "मग पहिल्यासारखं कर," म्हणेल. जुनी चिप तर काढतानाच माझ्या हातून मोडली. तशी दुसरी शोधत अफझलगंजच्या बाजारापर्यंत फिरलो, कुठे मिळेना.

शेवटी तिनं रिमोट माझ्याकडे दिला. "तू खेळ, मी बघते."

आणि मी गाढवानं ते वळण बरोबर घेतलं.