निमिषाबेनच्या आईचा फोटो

मंगळवार, संध्याकाळ

टपाल गेलं, छपाई संपली, तरी मन अजून ऑफिसातल्या झेरॉक्सच्या खोलीतच आहे.

दुपारी हिशेब विभागातल्या निमिषाबेन आल्या. परवाच त्यांची आई गेली. हातात आईचा एकुलता एक फोटो, अगदी लहान, पुसट. स्टुडिओवाल्याने तो मोठा करून द्यायला नाही म्हटलं होतं. "बेन, बेसणा माटे मोटो करी आपशो?" बेसणं म्हणजे शोकसभा, उद्याच. खासगी कॉपी बंद, ही पाटी दारावर मीच लावलेली. तरी फोटो काचेवर ठेवला.

पहिली प्रत काळी आली, दुसरी पांढरीफटक. तिसऱ्या वेळी उजेड सावकाश सरकला आणि कागद बाहेर येऊ लागला. आधी कपाळ, मग टिकली, मग हसू. निमिषाबेननी तो गालाला लावला.

"गरम छे," म्हणाल्या आणि रडल्या.

मशीनमधून कागद गरमच निघतो. सांगायला हवं होतं का? नाही सांगितलं. इतकी वर्षं हे गरम कागद हाताळतेय मी, आणि आज कुठे...

येताना गोत्रीला घरी न येता रिक्षा अकोट्याला, आईकडे वळवली. आईने दार उघडलं. "काय गं, आज मधेच?"

"तुझ्या हातचा चहा प्यायला," म्हटलं. तिने आल्याचा तुकडा शोधला, मी नुसती बघत बसले.