पोट कोणाचं कापायचं

प्रिय कांता,

पत्र तुझ्या रुआबांध्याच्या शाळेत पाठवते आहे. घरी पाठवलं तर तुझ्याआधी नरेश फोडेल, आणि फोन करावा तर तुमच्याकडे स्पीकर कायम चालूच.

रविवारी भिलाईत, हुडकोला तुमच्याकडे येऊन गेले, पण तुझ्याशी धड एक वाक्य बोलता आलं नाही. तू आत चहा करत होतीस आणि बैठकीत तुझ्या पोटाचा फैसला चालला होता. भय्याजींनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. म्हणाले, "संघमित्रा बेटी, तू त आपल्या घरचीच होय. तिले समजाव. कापून देल्लं तरी लिवर पुन्हा वाढते म्हनावं." ज्यांनी आमच्या घरी कधी पाण्याचा घोट घेतला नाही, त्यांचं यकृत सुकल्यावर मी घरची झाले! तुझ्या वडिलांबद्दल असं लिहिते म्हणून रागावणार असशील तर रागाव. मला शब्द मऊ करता येत नाहीत.

आणि तुझा भाऊ नरेश! रोज जिममध्ये दंड फुगवणारा गडी मला म्हणतो, "गडीमानसाचं पोट फाडलं त कमावून कोन देईन?" त्या घरात पगार आणणारी एकटी तू आहेस, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. निदान रक्त तरी तपासलंस का, विचारलं, तर मोबाइलमध्ये तोंड घातलं.

मी भाजलेल्या माणसांच्या आहारावर संशोधन का करते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? भिलाई-3 च्या लोखंडाच्या मिलमध्ये बाबा भाजले तेव्हा आपण नववीत होतो, शेजारी राहत होतो. दवाखान्याने त्यांना वाचवून घरी पाठवलं आणि आईला बजावलं, अंडी, डाळ, दूध, जाईल तितकं द्या. मग तुझे वडील, गल्लीतले जाणते, उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "रुक्माबाई, आंगात आग हाय. अंडं देसान त मरन तो." आई घाबरली. बाबांच्या नशिबी तांदळाची पेज आणि भय्याजींची जडीबुटीची पुडी आली. भाजलेलं शरीर नुसतं पडून असलं तरी आतून धगधगत राहतं, महिनोन् महिने. त्याला दुप्पट अन्न लागतं, नाही मिळालं तर ते स्वतःचेच स्नायू खातं. हे मी पुढे शिकले. तेव्हा फक्त बाबांची मांडी माझ्या दंडाएवढी झालेली दिसत होती. तू दप्तरात उकडलेलं अंडं लपवून आणायचीस, बाबा ते पांघरुणाखाली खायचे. भय्याजींना कळलं, त्यांनी तुला गल्लीत सगळ्यांसमोर मारलं. बाबा त्या हिवाळ्यात गेले. "ज्याचं त्याचं नशीब," म्हणून तुझे वडील पुन्हा पुड्या बांधायला बसले.

आता त्यांच्याच पोटात पाणी झालंय, तर पुडीचं नाव नाही. नागपूरचं आमचं हॉस्पिटल हवं, मोठा सर्जन हवा, प्रोटीनचा डबा हवा. यकृत बदललेल्यांच्या खाण्यापिण्याचाही मी आता अभ्यास करते, हे कुणीतरी सांगितलेलं दिसतं. मी निघताना त्यांनी मला हळूच विचारलं, "अंडं चालन ना मले?" चालेल, म्हटलं. एवढ्या वर्षांत मला कुणाची इतकी किळस आली नव्हती.

पण शिव्या घालायला मी पत्र लिहीत नाही. येत्या सोमवारी तुम्ही इथे याल. तपासण्या झाल्यावर आमच्या समुपदेशक कौशल्या मॅडम तुला एकटीला खोलीत नेतील. नरेश मागे यायला बघेल, त्या त्याला दारातच थांबवतील. यकृत पुन्हा वाढतं, तेवढं भय्याजी खरं बोलले. देणाऱ्याच्या जिवालाही थोडा धोका असतो, ते मात्र त्यांनी तुला सांगितलं नसणार. मॅडम विचारतील, तुला मनापासून द्यायचं आहे का? 'नाही' म्हणालीस, तर बाहेर एवढंच सांगतात की या दाता म्हणून चालत नाहीत. खरं कारण कुणालाही कळत नाही, ना भय्याजींना, ना नरेशला. 'हो' म्हणालीस, तर ऑपरेशन चालेल तितका वेळ मी बाहेर बसेन, तुझ्यासाठी. त्यांच्याबद्दल माझं मन साफ नाही, म्हणून या केसमधून मी स्वतःला बाजूला करून घेतलं आहे. तेव्हा तू दाता ठरली नाहीस, तर ते तपासणीमुळे की तुझ्या उत्तरामुळे, हे मलाही कळणार नाही. आणि कांता, मी कधी विचारणारही नाही.

तुझीच,
संघमित्रा