वासाची लाल पिटुनिया

मंगळवार, १० फेब्रु., सकाळी १०.१०
कुंडी नं. १७ हुंगत होतो. वास नाही. आधीच्या सोळांतही नाही. गाडीतून निडी स्टेशनला उतरून हमीदचाचांच्या नर्सरीत आलो की रोज हेच काम. नाष्ट्याला कांदा बंद. आई म्हणते, कुत्र्याला तरी हुंगायचे पैसे मिळतात.
हवी आहे लाल पिटुनिया, आणि तिला चाचीच्या पांढरीचा वास. पांढरी मी दोन वर्षांपूर्वी इफ्तारला चाचा-चाचीच्या घरी गेलो तेव्हा हुंगली, ती विसरलो नाही. लाल-पांढरीचा संकर केला. गेल्या हिवाळ्यात सगळी रोपे गुलाबी, बिनवासाची. पुस्तकात आहे, हरवलेला गुण नातवंडांत परत येतो. ही ४८ नातवंडे. हमीदचाचांनी रविवारपर्यंत मांडणी दिली आहे, मग तिथे काकडीची रोपे.

शुक्र. १३
४८ झाल्या. दोनदा. शून्य.
चाचा रागावले नाहीत. "वास नाय तर नाय. रंग बघ ना. रोह्यात ईक."

शनि. १४
लाल ११ रोह्याच्या बाजारात गेल्या. नंबराच्या पट्ट्या काढून, धुऊन ठेवल्या, पुन्हा लागतील म्हणून. घेणाऱ्यांची नावे-पत्ते मात्र वहीत लिहिले. का ते माहीत नाही. सवय.

रवि. १५
मांडणी रिकामी केली, उरलेल्या ३७ चाचीच्या पडवीत ठेवल्या, पाचच्या गाडीने पेणला आलो.
७.४० ला चाचीचा फोन. पडवीभर वास सुटलाय म्हणाली. मी म्हटलं, चाची, मी प्रत्येक फूल दोनदा हुंगलंय. तिने वेळ विचारली. सकाळी दहा, म्हटलं.
"फूल काय कंपनीत हाय, तुझ्या शिफ्टला कामाला यायला?"
इफ्तार संध्याकाळची असते. दोन वर्षांत हे डोक्यात आलं नाही.

सोम. १६
पाचची गाडी सोडली. ६.५० पर्यंत काही नाही. सव्वासातला एकेक जागी झाली. ८ कुंड्यांना वास, नं. २९ ला सर्वांत जास्त. आठही पांढऱ्या नाहीतर फिक्या गुलाबी.
गेल्या वर्षीच्या गुलाबींना 'वास नाही' लिहिलं होतं, तेही सकाळीच. खोडलं.
लाल सगळ्या रोह्यात. चाचा हसून हसून खाटेवर बसले. म्हणाले, आता दिवेलागणीला दारोदार नाक घेऊन फीर.

मंगळ. १७
रोहा, वही घेऊन, सव्वासातनंतर. एका मास्तरीणबाईंच्या दोन कुंड्या, दोन्हींना वास नाही. बाई म्हणाल्या, "फुलं विकतोस की चौकशी करतोस रे?" चहा दिला. शिंपीकाकांची एक, तीही नाही.
मग सुलभाताई, स्टेशनजवळच्या चाळीत. कुंडी तुळशीशेजारी. वाकलो आणि वास आला. गोड, लवंगेसारखा. वही उघडली. मग दिसलं, तुळशीपुढे उदबत्ती.
विझेपर्यंत थांबलो. पण धूर अंगणातच राहिला. वास फुलाचा की उदबत्तीचा, खात्रीने लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.
ताई म्हणाल्या, "उद्या ये. उद्या उदबत्ती आठला लावीन, देवाला सांगते मी."
लाल ११. पाहिल्या ४. वास नाही ३. उदबत्ती १. बाकी ७.