शपथांच्या पुलाची वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वयाने पंचाहत्तरी ओलांडलेला, धंद्याने निवृत्त दस्तलेखक, आज सकाळचे स्तोत्रपठण आटोपून, परमेश्वरास स्मरून आणि डोके ठिकाणावर असताना, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डोळे नाहीत. सबब अक्षर मोठे आले आहे आणि कागद जास्त लागले आहेत, त्याबद्दल वाचणाऱ्याने राग मानू नये. मजवर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याची हौस असलेली एकच व्यक्ती या कुटुंबात आहे, ती माझी धाकटी बहीण. आणि तिला आज मुद्दाम बोलावलेले नाही.

इतरांची मृत्युपत्रे लिहिण्यात माझा जन्म गेला. स्वतःचे लिहिणे मात्र मी टाळीत आलो, कारण माझ्या सर्वांत मोठ्या मिळकतीचे काय करावे हे मला उमगत नव्हते. आता उमगले आहे. म्हणून छातीवरचा दगड उतरवल्यासारख्या मनाने पुढील कलमे लिहितो.

कलम पहिले. राहते घर स्वकष्टार्जित असून ते माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या मुलास मिळावे. अट एकच. पुढच्या खोलीतील मोठे टेबल पुढे कलम पाचमध्ये सांगितलेले काम पुरे होईपर्यंत हलवू नये. मुलाचे औषधांचे दुकान आहे, त्याला जागेची नड नेहमीच असते आणि खोक्यांचा डोळा त्या टेबलावर आहे. मध्यंतरी त्याने मला विचारले, "बाबा, हे टेबल जेवायचं आहे की युद्धाचं?" मी म्हणालो, "सध्या युद्धाचं." तो म्हणाला, "मग तह कधी?" मुलगा गुणी आहे, बोलणे आईवर गेले आहे.

कलम दुसरे. बँकेतील शिल्लक सूनबाईच्या एकटीच्या नावे जावी. मुलाने भुवया उंचावू नयेत. कारण कलम चारमध्ये आहे.

कलम तिसरे. माझा टंकयंत्राचा सांगाडा, शाईचे पॅड, लाकडी मुठीचा शिक्का आणि दौत ही सर्व अवजारे कचेरीच्या आवारात आयुष्यभर माझ्यासमोरच्या टेबलावर बसलेल्या माझ्या व्यवसायबंधूस द्यावीत. त्याने माझ्या वाक्यरचना इतकी वर्षे उचलल्या की अवजारे तेवढी का मागे राहावीत! हे मी रागाने लिहीत नाही. एकदा मी तापाने घरी पडलो असता माझ्या गिऱ्हाइकांचे दस्त त्याने विनामोबदला पुरे केले, आणि ते इतके हुबेहूब माझ्यासारखे होते की मलाच सह्या कराव्याशा वाटल्या. चोरीचा असाही उपयोग होतो.

कलम चौथे, आणि येथून खरी मिळकत सुरू होते. निवृत्तीनंतर मी एक कादंबरी लिहिली. ती या जगातली नाही. त्या राज्यात नदीवर एक पूल आहे आणि तो शपथांचा बांधलेला आहे: पुलाचा एकेक दगड म्हणजे एकेका माणसाने दिलेला शब्द. शब्द मोडला की दगड नदीत पडतो. ही गोष्ट सहा जणांच्या नजरेतून सांगितली होती: राणी, पुलाचा म्हातारा राखणदार, चोर, नकाशे काढणारी मुलगी, राणीचा घोडा आणि नदीपलीकडचा शत्रू सेनापती. खर्डा पुरा झाला तेव्हा मी देवापुढे दिवा लावला आणि कागदांचा गठ्ठा सूनबाईच्या हाती दिला. ती शाळेत गणित शिकवते. तिने तो पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचला. असे करणारी ती एकटीच.

"बाबा, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"रागावेन, पण सांग."

"तुमचा घोडासुद्धा 'सबब' म्हणतो."

ती तेवढ्यावर थांबली नाही.

"आणि चोर तिजोरीपर्यंत पोचायच्या आधीच राणीला ठाऊक असतं की तो येतोय. मग ती कुलूप का बदलत नाही?"

"ती न्यायी आहे."

"असेल हो न्यायी. पण चोरालाही ठाऊक आहे की राणीला ठाऊक आहे. घोड्यालाही ठाऊक आहे. मग पुढची पानं मी कशासाठी वाचायची?"

त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो, कारण उपाशीपोटी तिचे म्हणणे अधिकच खरे वाटू लागले होते. दस्ताचा नियम असा की सही करण्याआधी प्रत्येक पक्षकारास सर्व मजकूर वाचून दाखवावा. कोणापासून काही लपलेले राहू नये. हा नियम मी आयुष्यभर पाळला आणि नकळत कादंबरीतही पाळला. माझ्या सहाही पात्रांना जणू आधी सगळे वाचून दाखवले होते. वास्तविक मी पुराणे वाचीत लहानाचा मोठा झालो. तेथे राजे फसतात, ऋषी शाप देऊन पस्तावतात, देवांनाही गाफील क्षण येतो; आणि त्या न कळण्यावरच तर त्या कथा उभ्या आहेत. रोज दिवा लावून वाचायचे आणि दिव्याखालचेच दिसू नये, तशी माझी गत झाली.

मग पुनर्लेखनाआधी नीट आराखडा करावा असे ठरवून मी मोठे टेबल मोकळे केले. सहा पात्रांच्या सहा पट्ट्या मांडल्या आणि प्रत्येक पट्टीवर तीन घरे आखली: याला काय दिसते, याला काय हवे आहे, याला काय ठाऊक नाही. पहिली दोन घरे भराभर भरली. तिसरे भरेना. लेखणी टेकवली की मनात येई, हे तर याला कळायलाच हवे. महिना उलटून गेला तरी तिसरे घर कोरेच.

त्याच सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की वाचणे-लिहिणे आता फार दिवसांचे नाही. आणि छापखाना चालवणारा माझा मावसभाऊ भेटीस आला. त्याने गठ्ठा हातात तोलून पाहिला आणि मोठ्या मायेने म्हणाला, "काळजी सोड. तुझ्या मागे आपण हे छापू. जाड पुठ्ठ्याची बांधणी, आत तुझा फोटो."

"आणि आतल्या चुका?"

"गेलेल्या माणसाच्या चुका कोण काढतो?"

मरणाची भीती मला फारशी वाटत नाही. त्या बोलण्याची वाटली. जाड पुठ्ठ्याच्या आत तो सर्वज्ञ घोडा कायमचा 'सबब, सबब' करीत राहील, आणि माझ्या पश्चात लोक आदराने माना डोलावतील!

कलम पाचवे. या संकटातून मार्ग मला बहिणीकडे सापडला, तो सविस्तर लिहितो, कारण पुढील वाटणी त्यावर अवलंबून आहे. आमच्या घरात तिला लहानपणापासून 'फौजदार' म्हणतात. टेलिफोन ऑपरेटर म्हणून ती निवृत्त झाली. कादंबरीतले ते राज्य मुळात आम्हा दोघांचे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या दोन बाजूंना उभे राहून आम्ही ते खेळत असू. सहा पात्रांत माझा सेनापती सर्वांत लंगडा होता. राणीची बाजू खरी आहे हे पक्के ठाऊक असून तो लढत होता, म्हणजे निव्वळ मूर्ख. मी बहिणीकडे गेलो. ती झाडांना पाणी घालीत होती.

"फौजदार, तुझ्या त्या सेनापतीला पलीकडून काय दिसायचं गं?"

"आता विचारतोस? टाकीवर खेळायचो तेव्हापासून पलीकडे उभी आहे मी. राणी तू, राखणदार तू, घोडा तू. आणि मी आपली काठी घेऊन शत्रू."

"मग सांग की."

तिने झारी खाली ठेवली. "त्याला पूल दिसतच नाही, दादा. पलीकडून नुसतं धुकं दिसतं. आणि धुक्यातून पाण्यात दगड पडल्याचे आवाज येतात. त्याला काय ठाऊक, तुमच्याकडे लोक शपथा मोडताहेत! त्याला वाटतं, कुणीतरी आपल्यावर दगड फेकतंय."

मी तिच्या झाडांच्या कठड्यावर बसून राहिलो. मी कोरे ठेवलेले घर तिने एका श्वासात भरले होते. मी म्हणालो, "हा सेनापती तूच लिही."

"मी का म्हणून? केस पांढरे झाले, तरी अजून मीच शत्रू?"

"बरं, मग तुझ्या अटी सांग."

"एकच. तो हरणार की जिंकणार, हे तू ठरवायचं नाहीस. आणि मी लिहिलेलं डोकावून बघायचं नाहीस. तुझी सवय ठाऊक आहे मला. मधल्या सुट्टीत माझा डबा उघडून बघायचास."

मी कबूल झालो. कबूल होताक्षणी मान मोकळी झाली, जणू वर्षानुवर्षे वाहिलेली कावड कोणी उतरवून घेतली. सबब पुढील वाटणी करीत आहे:

अ) शत्रू सेनापती सर्व हक्क, अधिकार, घोडदळ आणि धुक्यासह बहिणीस दिला.

ब) नकाशे काढणारी मुलगी सूनबाईस दिली. चोर त्या मुलीतच मिसळला आहे. नकाशांसाठी चोरून फिरावेच लागते, हे सूनबाईचे म्हणणे मी मान्य केले. कलम दोनमधील शिल्लक तिला दिली, ती खरे बोलण्याच्या धाडसाबद्दल.

क) राणी मी स्वतःकडे ठेवली आहे. ती मी फोनवर तोंडी सांगतो आणि फोन ती लिहून घेतो. तो कधी 'राणी'चे 'पाणी' करतो, पण डोकावून बघत नाही.

ड) पुलाचा राखणदार कमी केला. त्याला सगळे ठाऊक होते, सगळे दिसत होते, आणि तो प्रत्येक प्रकरणात येऊन सर्वांना समजावीत होता. तो कोण होता हे घरात सर्वांनी ओळखले आहे. त्याला रजा दिल्यापासून मला झोप चांगली लागते.

इ) घोडा कोणाच्याही नावे नाही. तो आता बोलत नाही, नदीकाठी चरतो.

तिघांनी परस्परांची प्रकरणे आपापले लिखाण पुरे होईपर्यंत वाचू नयेत. पुरे झाल्यावर तिघांनी मोठ्या टेबलाशी बसून ती जोडावीत आणि जेथे मेळ बसत नाही तेथे घाईने बसवू नये. दोघांना एकच रात्र वेगळी दिसली असेल, तर तशीच राहू द्यावी.

मी मध्येच गेलो, तर राणी ज्या वाक्यावर थांबली असेल तेथेच थांबावी. तिचे उरलेले कोणी लिहू नये. ती कोठे गेली हे सेनापतीला कळू नये आणि नकाशे काढणाऱ्या मुलीलाही; त्यांनी आपापल्या काठावरून तिची वाट पाहावी, तिच्याविषयी वाटेल ते समजावे, चुकावे, आणि गोष्ट पुढे न्यावी. ही अट मी सूनबाईस आधी तोंडी सांगितली तेव्हा ती उठून आत गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "चालेल. पण लवकर थांबवू नका तिला."

कलम सहावे. पहिला खर्डा माझ्या मावसभावाने छापू नये, कोणासही छापू देऊ नये, माझा फोटो तर मुळीच नको. मुलाने तो फाडून औषधांच्या बाटल्यांभोवती गुंडाळावा, पुष्कळ पुरेल. मावसभावास माझे सोन्याच्या काड्यांच्या चष्म्याचे जुने आवरण द्यावे. त्याचे प्रेम खरे होते.

कलम सातवे. या कादंबरीच्या शेवटाविषयी लोक मला विचारतील. मला तो ठाऊक नाही. पूल राहिला की पडला, हे आज या जगात कोणालाच ठाऊक नाही. काल बहिणीचा फोन आला होता. म्हणाली, "दादा, आज काय झालं पुलावर, सांगू?" मी म्हणालो, "नको." तिला वाटले मी रुसलो. मी रुसलो नव्हतो. माझ्या राणीला ते पुढच्या प्रकरणात कळेल किंवा कळणार नाही, आणि तोवर ती खिडकीत उभी राहून धुक्याकडे पाहील, एवढे लिहायला मला पुरेसे आहे. सर्वज्ञता ही मिळकत माझी नव्हती. जी वस्तू आपली नाही ती मृत्युपत्राने देता येत नाही, केवळ परत करता येते. ती मी ज्याची त्यास परत केली आहे, आणि पोहोच मागितलेली नाही.

या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी मुलास नेमतो, कारण कादंबरीत त्याच्या वाट्यास काहीच आले नाही आणि त्याबद्दल तो अत्यंत खूश आहे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, हसतमुखाने लिहून दोन साक्षीदारांसमक्ष त्यावर सही केली. साक्षीदारांना मजकूर वाचून दाखवला नाही. कायद्याने तशी गरज नसते. त्यांनी फक्त सही करताना पाहायचे असते. जे पाहिले ते त्यांनी आपापल्या हाताने लिहावे, अशी विनंती केली.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली, मोठे टेबल
दिनांक: चालू महिन्याचा पहिला सोमवार

(सही)
मृत्युपत्र करणार, निवृत्त दस्तलेखक

साक्षीदार:

१. (सही) शेजारचे दंतवैद्य. यांनी माझ्यासमक्ष सही केली. हात स्थिर होता.

२. (सही) समोरच्या दुकानातली शिंपीण. माझ्याही समक्ष केली. हात थरथरत होता. पण ते हसू दाबत होते म्हणून.