सर्व्हरची वायर कोणी काढावी

मी, खाली सही करणार, लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म घालवलेला, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणाचाही दबाव नाही. मेहुण्याने आणून पाहिला. त्याला चहा पाजून वाटेला लावला.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलीला. तिच्या लग्नावरून आमचे वाजले, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. न बोलणाऱ्यालाही घर लागतेच.

२. हत्यारांची पेटी कामावरच्या माझ्या सोबत्याला. मेहुण्याने त्यातले काही मागितल्यास देऊ नये. त्याला स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो तेही ठाऊक नाही.

३. मागच्या खोलीतला सर्व्हर. एका बड्या कंपनीने कारण न सांगता माझे खाते बंद केले, तेव्हापासून समाजमाध्यमावरचे माझे पान मी घरच्या यंत्रावर चालवतो. जगभरच्या इतर सर्व्हरशी ते जोडलेले आहे, पण इथला मालक, नोकर आणि वॉचमन मीच.

"भाऊजी, एका माणसासाठी एवढा खटाटोप? लोक हसतात तुम्हाला," इति मेहुणा. हसोत मेले! तोटे मला कोणी शिकवू नयेत. वीज गेली की पान गेले. परक्यांच्या मांजरांचे फोटो साठून डिस्क भरते. अपडेट केले की काहीतरी मोडते, आणि शिव्या घालायला समोर मीच. पण जाहिराती नाहीत, आणि हाकलून देणारा कोणी उपटसुंभ नाही. मेहुण्याचे पान त्याच कंपनीकडे, ढीगभर चाहते. तो दवाखान्यात पडला होता, तेव्हा त्याचे पान आपोआप सुविचार टाकत राहिले. एकानेही चौकशी केली नाही.

माझ्या घरचा फ्यूज एकदा उडाला नि सर्व्हर बंद पडला, फ्यूज बसवताना मी स्टुलावरून पडलो आणि तसाच पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी दारात मुलगी. "सर्व्हर का बंद आहे?" एवढेच विचारले आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. म्हणजे इतकी वर्षे मुकाट्याने रोज वाचत होती! माझ्याइतकीच हेकट. मी बरा झालो, सर्व्हर चालू झाला, बाईसाहेब पुन्हा गप्प.

४. मी गेल्यावर माझे पान 'स्मृती म्हणून' त्या कंपनीत हलवून चालू ठेवायचा मेहुण्याचा बेत आहे. खबरदार. मी गेलो की सोबत्याने सर्व्हरची वायर काढावी. मुलीला कोणीही फोन करू नये. मेहुण्याने तर मुळीच नाही, तो फोनवर रडायचे नाटक करील. पान बंद दिसले की ती येईल.

ती येईपर्यंत मला कोणी उचलू नये.

वरचे सर्व चष्मा लावून पुन्हा वाचले आणि सही केली.

(सही) लिफ्टवाला

साक्षीदार:
(सही) खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई
(सही) कोपऱ्यावरचा न्हावी

ठिकाण: मागची खोली
दिनांक: नोंदणीच्या शिक्क्यात आहे तोच